मास्तरांचा हरपलेला बैल

वामन आगटे पुण्याहून भोकरदनच्या शाळेत मास्तर म्हणून निघाला तेव्हा त्याच्या आईने त्याला विलायतेला निघालेल्या मुलासारखा निरोप दिला. तिचं फार काही चुकलं नव्हतं. मनमाडला गाडी बदलली की माणूस दुसऱ्याच देशात शिरायचा. नाणं वेगळं, महिन्यांची नावं वेगळी, टपालाचं तिकीट वेगळं, कचेरीतली लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी. नाक्यावरच्या शिपायाने वामनच्या ट्रंकेतली लोणच्याची बरणी उघडून हुंगली, एक फोड चाखली आणि मान डोलावून सरकारी शिक्का मारला. त्या क्षणापासून वामन निजामाच्या मुलखात गैरमुल्की झाला. म्हणजे परका. याची त्याला रोज कुणी ना कुणी आठवण करून द्यायचंच.

बायको शरयू बरोबर आली होती, पण अट घालून. एक वर्ष. त्यावर एक दिवस नाही.

मास्तरकी ठीक होती. पोरं गरीब होती, मुख्याध्यापक दुपारी झोपत. वामनला छळत होती ती सुटी. पुण्यात तो आणि त्याचे मित्र दर रविवारी दशम्या बांधून एखादा किल्ला गाठायचे. वर जाऊन काय करायचं? काही नाही. वारा खायचा, दशम्या खायच्या, इतिहासावरून भांडायचं आणि खाली यायचं. इथे सुटी शुक्रवारी. रविवारी सकाळी वामनचे पाय आपोआप शिवशिवायचे आणि समोर बघावं तर पोरं पाढे म्हणत बसलेली. आणि शुक्रवारी पायांना कुणी सांगितलंच नव्हतं की आज सुटी आहे. एक महिना त्याने कळ काढली. मग एका शुक्रवारी पहाटे त्याने काठी उचलली आणि उत्तरेला दिसणाऱ्या डोंगराच्या रोखाने चालायला लागला.

डोंगराच्या पायथ्याला बोरखेडी नावाचं गाव. तिथल्या चावडीवर काकासाहेब पाटील बसलेले होते, आणि त्यांच्याभोवती ज्यांना काम नव्हतं ते आणि ज्यांना होतं तेही बसलेले होते. त्यांनी वामनला हाक मारून बसवलं, पाणी दिलं आणि चौकशी सुरू केली.

"कुठले म्हनायचे?"

"भोकरदनच्या शाळेत मास्तर आहे."

"ते बराबर. मूळचे?"

"पुण्याचा."

चावडीवरचे सगळे जण थोडे पुढे सरकले.

"इकडं काय काम काढलं?"

"काम काही नाही. म्हटलं, डोंगरावर जाऊन यावं."

"डोंगरावर काय हाये?"

"काही नाही."

"मंग?"

वामनने हातातल्या काठीकडे पाहिलं. त्या भागात माणूस चालायचा तो बाजाराला, सासुरवाडीला, तारखेला, नवसाला नाहीतर मयतीला. उन्हातान्हात बिनकामाचं चालणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता आणि पाहिला असता तर बांधून ठेवला असता. त्यातून काकासाहेबांना वरून ताकीद होती: गैरमुल्की माणूस बेकाम भटकताना दिसला तर ताबडतोब कळवायचं.

"तुम्ही तर बिलकुलच बेकाम दिसून राह्यले, मास्तर," काकासाहेब खिन्न होऊन म्हणाले. ते माणूस वाईट नव्हते. पण कळवायचं म्हणजे कळवायचं.

तेव्हा कोपऱ्यात तंबाखू मळत बसलेला एक शेतकरी बोलला. त्याचं नाव कचरू. "पाटील, मास्तराचं तोंड तर पाहा. जनावर हरपलंय त्यांचं. शरमेनं सांगून न्हाई राह्यले."

सगळ्यांनी वामनचं तोंड पाहिलं. तोंड खरोखरच तसं झालं होतं.

वामन खोटारडा नव्हता, पण शूरही नव्हता. "हो," तो म्हणाला. "बैल."

चावडीने सुटकेचा श्वास सोडला.

"कसा व्हता?" कचरूने विचारलं.

आता वामनने आयुष्यात जवळून पाहिलेला बैल एकच होता, घरासमोरच्या महादेवाच्या देवळातला दगडी नंदी. "काळा," तो म्हणाला.

"आनखी?"

"बसलेला."

चावडीवरचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वामनला वाटलं, संपलं. पण कचरूने गंभीरपणे मान हलवली. "म्हंजी औताला जुंपलं की बसणारा. आसल्या बैलाला मालक मारतो, मंग ते पळून जातं. मारलं का तुम्ही?"

"नाही हो!"

"मारलं असंल," कचरू हळहळून म्हणाला आणि उठला. "चला, आधी भाकर खा."

त्या मुलखात रीतच तशी होती. जनावर हुडकत आलेल्या माणसाला भाकरीशिवाय जाऊ द्यायचं नाही, आणि तो म्हणेल तिकडची वाट दाखवायची. त्याला जात, गाव, मुलूख विचारायचा नाही. आज त्याचं हरपलंय, उद्या आपलं हरपेल. कचरूच्या घरी झुंबरबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, वामनला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि ताक असं दाबून खाऊ घातलं, आणि जेवण झाल्यावर कचरू त्याला डोंगरात घेऊन गेला.

"काळं जनावर सावली धरतं. खाली ओढ्याच्या वगळीत पाहू," कचरू म्हणाला.

"वर, त्या माथ्यावर पाहू या का?" वामनने भीत भीत विचारलं.

"बैल वर कशाला जाईल?"

"आमचा जातो."

कचरूने थोडा विचार केला. पुण्याच्या बैलांविषयी त्याला माहिती नव्हती. मग दोघं माथ्यावर गेले. वरून सगळं रान दिसत होतं, पूर्णा नदीची वळणं दिसत होती, वारा पुण्याच्या वाऱ्यासारखाच लागत होता. वामनला वाटलं, आपण इतके दिवस श्वास धरून बसलो होतो. कचरू कपाळावर हात धरून प्रामाणिकपणे काळा ठिपका शोधत होता.

घरी येऊन वामनने सगळं सांगितलं तेव्हा शरयूने कपाळावर हात मारला. "अहो, आपल्याकडे बैल सोडा, मांजर नाही!"

पण चार दिवसांत शेजारच्या पुष्पाबाई खरवसाची वाटी घेऊन समाचाराला आल्या. "लई वाईट झालं. बैल म्हंजी घरातलं माणूसच. नाव काय व्हतं त्याचं?"

शरयू गांगरली आणि तोंडात आलं ते बोलून गेली. "तात्या."

तात्या हे वामनचे काका. ही नोकरी त्यांनीच मिळवून दिली होती, आणि शरयूच्या मनात तेव्हापासून त्यांच्याविषयी पुष्कळ काही साठलं होतं. पण आता इलाज नव्हता. पुढच्या शुक्रवारी वामन बोरखेडीला पोचला तर गुराखी रानोमाळ हाका मारत होते. "तात्याऽऽ! ये रे तात्याऽऽ!"

तेव्हापासून वामनला मोकळं रान मिळालं. कुठल्याही गावात जावं, कुणी 'काय काम' म्हणून विचारत नसे. विचारत ते एवढंच, "सापडला का?" वामनने तोंड पाडून मान हलवली की आतून भाकरी यायची आणि सोबतीला माणूस मिळायचा. डोंगरातल्या झऱ्यावर तो गेला, पडक्या लेण्यात गेला, पूर्णेच्या डोहात पोहला. पोहताना पकडला गेला तेव्हा कचरूनेच सांगितलं की बैल डोहात बुडाला का ते मास्तर पाहत आहेत. आता वामनला एकच धास्ती होती. काळा बैल सापडायला नको.

मग बायकांनी शरयूला टोकायला सुरुवात केली. धनिणीच्या हाकेला जनावर लवकर येतं, आणि तुम्ही घरात बसून कशा राहता? शेवटी एका शुक्रवारी शरयू छत्री घेऊन कुरकुरत निघाली. वाटेत तिने पायांना, काट्यांना, तात्यांना आणि एकंदर निजामशाहीला नावं ठेवली. कशीबशी माथ्यावर पोचली. कचरू म्हणाला, "मारा हाक, वहिनी."

शरयूने इकडेतिकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि सासरच्या कुणासमोर कधी बोलली नव्हती अशा आवाजात ओरडली, "तात्याऽऽ! कुठे तोंड काळं केलंतऽऽ!"

समोरच्या डोंगराने तेच शब्द आदराने परत केले. शरयू हसायला लागली. हसता हसता खाली बसली. मनमाड सोडल्यापासून वामनने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि त्या एका हसण्यासाठी तो आणखी दहा बैल हरवायला तयार होता.

त्यानंतर शुक्रवारी पहाटे आधी तीच उठायची. उतरताना दोघं कचरूच्या अंगणात टेकायची. झुंबरबाईने शरयूला ज्वारीची भाकरी थापायला शिकवली आणि तिच्याकडून दुधातल्या दशम्या शिकून घेतल्या. कचरूची एक पांढरी जोडी होती. त्यातला डावीकडचा बैल फार आगाऊ, शरयू दिसली की दावं ताणायचा. ती उरलेली दशमी त्याला भरवायची, आणि तो तिच्या हातालाच नव्हे तर छत्रीलाही चाटायचा. अटीचं वर्ष कधी भरलं ते कळलं नाही. वामनने विचारलं नाही, तिनेही काढलं नाही.

असं सुखात चाललं असताना काकासाहेब पाटील एकदा बाजाराच्या दिवशी घरी आले आणि ओट्याच्या अगदी कडेला बसले. तेवढ्यावरूनच वामनला कळलं की बातमी बरी नाही.

"मास्तर, नवे अमीन आलेत पोलिसाचे. गैरमुल्की लोकांवर लई करडी नजर हाये त्यांची. ते म्हनले, एक बैल हुडकायला वरसाच्या वर लागतं का? बैल हाये का बहाना हाये? म्या काय सांगू?"

"मग?"

"येत्या शुक्रवारी बोरखेडीच्या चावडीवर येऊन राह्यले ते. बैल दाखवायचा, न्हाईतर कुठं मेला ती जागा दाखवायची. दोन्ही न्हाई जमलं तर मुलखाच्या बाहेर."

काकासाहेब चहा न पिता गेले. वामन भिंतीकडे बघत बसला. शरयूला खरं तर आनंद व्हायला हवा होता. सरकारी खर्चाने पुण्याला जायला मिळत होतं. ती आत गेली, ट्रंक ओढून पुढे काढली, झाकण उघडलं आणि तिथेच बसून रडायला लागली.

"मला नाही जायचं," ती म्हणाली.

"मलाही नाही," वामन म्हणाला. "पण आता खरं सांगून टाकतो. वर्षभर त्या लोकांच्या भाकऱ्या खाल्ल्या आपण. त्यांच्यासमोर आणखी खोटं नाही बोलवणार माझ्याच्याने."

शुक्रवारी दोघं बोरखेडीला पोचली तर चावडीसमोर जत्रा भरल्यासारखी गर्दी. अमीनसाहेब खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्यासमोर काळे बैल उभे होते. एक नव्हे, चार.

मास्तर अडचणीत आहेत ही बातमी आसपासच्या चारी वाड्यांवर पोचली होती, आणि प्रत्येक वाडीने दुसरीला न विचारता 'मास्तरांचा तात्या' हजर केला होता. खूण सगळ्यांना पाठ होती. त्यामुळे चारही मालक आपापल्या बैलाला खाली बसवायच्या खटपटीत होते. कुणी मानेवर दाब देत होता, कुणी पाय ओढत होता. रखमाजी नावाचा एक म्हातारा तर बैलाच्या कानात विनवण्या करत होता. चौथा बैल कचरूचा होता. पण कचरूची तर जोडी पांढरी! वामनने नीट पाहिलं. बैलाच्या अंगाला तव्याची काजळी आणि तेल चोपडलेलं होतं, आणि जिथे त्याने स्वतःला चाटलं होतं तिथे गोल पांढरे ठिपके उमटले होते. कचरूची कोपरापर्यंत तीच दशा होती.

"ये क्या है?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"मास्तरचा बैल, साब," चौघे एकदम म्हणाले.

"चारों?"

यावर चौघांनी एकमेकांकडे रागाने पाहिलं.

"पुकारो," अमीनसाहेब वामनला म्हणाले. "जिसका मालिक होगा, उसकी आवाज पे जानवर आएगा."

वामनने हाक मारली, "तात्या." एकही बैल हलला नाही. चारही मालकांनी मागून आपापल्या बैलाला हळूच ढोसलं. तरी हलला नाही.

वामन पुढे झाला. आता बोलणं भाग होतं. "साहेब, यातला एकही बैल माझा नाही. मला बैल नव्हताच. मला डोंगरात चालायला आवडतं, म्हणून मी चालत होतो. या लोकांचा काही दोष नाही, हे मला भाकरी घालत होते. फसवलं ते मी."

वामनने मान खाली घातली. आता या लोकांच्या तोंडाकडे बघायचं कसं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"अरारारा," रखमाजी म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "दुःखानं डोकं फिरलं हो मास्तराचं!"

"वरीस झालं रान तुडवून राह्यलेत, साब," दुसरा म्हणाला. "फिरंल न्हाई तर काय?"

"आन बैल न्हाई म्हणत्यात! आम्ही काय येडे हाओत का हाका मारायला?"

गर्दी चांगलीच खवळली. मास्तरचा बैल नव्हता असं म्हणायची खुद्द मास्तरलाही परवानगी नव्हती. वामन पुन्हा पुन्हा सांगायला लागला तसे लोक पुन्हा पुन्हा त्याची कीव करायला लागले. अमीनसाहेबांनी टोपी काढून डोकं पुसलं. तेवढ्यात कचरूच्या बैलाला गर्दीतली शरयू दिसली. त्याने दावं हिसकलं, अमीनसाहेबांच्या खुर्चीला वळसा घातला आणि थेट तिच्यापाशी जाऊन तिच्या कमरेच्या पिशवीत तोंड खुपसलं. दशमी तिथेच असायची.

तोंड वर काढलं तेव्हा शरयूचं लुगडं काळं झालं होतं आणि बैलाचं नाकाड पांढरं.

हे अमीनसाहेबांनी पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. कचरूने डोळे मिटून घेतले.

"हाच आमचा," शरयू खणखणीत आवाजात म्हणाली, आणि पदराने बैलाचं नाक झाकलं.

अमीनसाहेब काही वेळ त्या पदराकडे बघत राहिले. हा बैल खोटा ठरवायचा म्हणजे उरलेले तीन तपासणं आलं, चार वाड्यांना खोटं पाडणं आलं आणि संध्याकाळपर्यंत त्या चावडीवर बसणं आलं. ऊन चढलं होतं. ते उठले. "ठीक है. बैल मिल गया, मामला खतम. लेकिन सुनो, मास्तर. अब पहाड़ में तुम्हारा कोई काम नहीं. बिना काम फिर दिखे, तो सीधा मनमाड."

लोकांनी आनंदाने गलका केला. वामनच्या गळ्यात झेंडूची माळ पडली, बैलाला गूळ मिळाला. नोकरी वाचली होती. पण वामनचे पाय जड झाले होते. बैल सापडला होता आणि शुक्रवार संपले होते.

अमीनसाहेबांच्या देखत बैल घेऊन निघणं भागच होतं. पोचवायला म्हणून कचरू शिवेपर्यंत बरोबर आला. दावं शरयूच्या हातात होतं. वाटेत ओढा लागला. त्यात उतरून कचरूने बैलाला चोळून चोळून धुतलं. काजळी वाहून गेली तसा बैल पुन्हा पांढराशुभ्र झाला.

"पेरणी तोंडावर आली," कचरू त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "तेवढी याच्यावर करून घेतली असती. पन असू द्या. तुमचा सापडला, ते लई झालं." मग जरा थांबून म्हणाला, "आता काय, तुम्ही काही इकडं येत न्हाई. झुंबरी सकाळपासून रडून राह्यली."

वामनने कचरूच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढून घ्यायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

मागे सळसळ झाली म्हणून दोघांनी वळून पाहिलं. बैल बोरखेडीच्या वाटेने घराकडे सुटला होता. दावं मागून फरपटत चाललं होतं, आणि शरयू रिकाम्या हातांनी उभी होती.

"सुटला हो," ती म्हणाली.

कचरू धोतर सावरून धावणार तोच तिने त्याला अडवलं. "थांबा, कचरूभाऊ. सगळ्या गावासमोर मी म्हटलंय तो आमचा आहे म्हणून. पेरणी, कोळपणी, काय करायचं ते करून घ्या त्याच्याकडून. पण हरपला तो आमचा. पाटलांना तसं सांगा."

वामनला हे उमजायला वेळ लागला. मास्तर होता ना. कचरूला लागला नाही. त्याने फेट्याच्या शेवाने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि घराच्या ओढीने उड्या मारत चाललेल्या आपल्या बैलाकडे कपाळावर हात धरून पाहिलं.

"हरपलाच की," तो म्हणाला. "आज काय तो सापडत न्हाई. शुक्रवारी या हुडकायला. आन जल्दी निघा, म्हंजी उन्हाच्या आत वर जाऊ."